बाबांच्या पोटावरचा चिरा

पत्राचा सारांश: नाशिक जिल्ह्यातल्या एका ३६ वर्षांच्या वाचक भगिनीचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. वडील ६३ वर्षांचे, एसटीतून चालक म्हणून निवृत्त. दोन महिन्यांपूर्वी अंगाला खाज सुटली, मग डोळे पिवळे झाले. सी.टी. स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ दिसली, कर्करोगाची असावी असं डॉक्टरांचं मत. पित्ताला वाट मिळावी म्हणून स्टेंट घातला, कावीळ उतरते आहे. गाठ काढता येईल यावर दोन्ही सर्जनांचं एकमत आहे, पण कशी काढायची यावर नाही. जवळच्या शहरातलं खासगी रुग्णालय म्हणतं, ‘दुर्बिणीतून करू, आठ दिवसांत घरी.’ मुंबईच्या कर्करोग रुग्णालयातले सर्जन म्हणतात, पोट उघडूनच. पुण्याचा भाऊ रोबोटसाठी कर्ज काढायला निघाला आहे. काका म्हणतात, पोट फाडून हवा लागली की कॅन्सर पसरतो. वडिलांना मात्र ‘पित्ताच्या नळीत खडा आहे’ एवढंच सांगितलेलं आहे. ताई विचारतात, ‘लहान छिद्रांतून होण्यासारखं असताना आम्ही पैसे वाचवायला बाबांचं पोट फाडायला दिलं, असं आयुष्यभर टोचत राहील का?’

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली. त्या एका वाक्यात तुम्ही तीन गोष्टी धरून चालला आहात. छिद्रांची शस्त्रक्रिया म्हणजे छोटी शस्त्रक्रिया. चिऱ्याची म्हणजे जुनी, गरिबांची. आणि जे महाग, ते बाबांवरच्या मायेचं माप. मी आयुष्यभर सर्जन म्हणून काम केलं आहे, आणि या तिन्ही गोष्टी मला खऱ्या वाटत नाहीत.

आधी पोटाच्या आत काय होणार आहे ते सांगते. बाबांना सुचवलेल्या शस्त्रक्रियेला व्हिपल म्हणतात. ॲलन व्हिपल या अमेरिकन सर्जननी १९३५ साली ती प्रसिद्ध केली, म्हणून हे नाव. यात स्वादुपिंडाचं डोकं, त्याला चिकटलेला लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय, पित्तनलिकेचा खालचा तुकडा आणि पुष्कळदा जठराचं खालचं टोक असं सगळं एकत्र निघतं. मग तीन जोड करायचे असतात. उरलेलं स्वादुपिंड आतड्याला, पित्तनलिका आतड्याला, जठर आतड्याला. पाच-सहा तास सहज जातात, कधी जास्त. दुर्बिणीने करा, रोबोटने करा की हाताने करा, काढायचं तेवढंच आहे आणि जोडायचंही तेवढंच. कातडीवरची खूण लहान झाली म्हणून आतलं काम लहान होत नाही.

त्या तीन जोडांतला खरा जीवघेणा जोड पहिला. स्वादुपिंड मऊ असेल तर त्यात टाका घालणं म्हणजे लोण्यात टाका घालणं. आतली नळी दोन-तीन मिलिमीटरचीही असू शकते. आणि या ग्रंथीचा रस मटण पचवायला बनलेला आहे! जोडातून तो झिरपला तर पोटात मोकळा सुटतो आणि शेजारच्या रक्तवाहिनीची भिंतच पचवायला लागतो. चांगल्यातल्या चांगल्या सर्जनच्या हातूनही काही रुग्णांत हा जोड गळतोच. बाबांच्या बाबतीत एक गोष्ट कदाचित त्यांच्या फायद्याची असेल. गाठीने नळी बऱ्याच दिवसांपासून दाबलेली असली तर ती फुगते, ग्रंथीही टणक होते, आणि टणक ग्रंथीत टाके चांगले बसतात. ‘सी.टी.मध्ये स्वादुपिंडाची नळी किती रुंद दिसते?’ हे सर्जनना जरूर विचारा.

आता मला एक जुनी गोष्ट सांगू द्या. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी जिल्ह्याच्या गावी काम करत होते. वर्षाकाठी एखाद-दुसरं व्हिपल माझ्याकडे यायचं. एका शेतकऱ्याचं ऑपरेशन मी सात तास केलं आणि मनासारखं झालं. सहाव्या दिवशी तो पेज प्यायला, व्हरांड्यात चालला. नवव्या रात्री ड्रेनच्या नळीत थोडं ताजं रक्त आलं आणि थांबलं. जखमेचं असेल म्हणून मी सकाळची वाट पाहिली. पहाटे पुन्हा आलं, ते थांबलं नाही. ते पहिलं थोडंसं रक्त म्हणजे इशारा असतो, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. आणि कळलं असतं तरी जांघेतल्या धमनीतून बारीक तार नेऊन फुटलेली वाहिनी आतून बंद करणारा माणूस त्या गावात नव्हता. त्याच्या बायकोला मी काय सांगितलं ते आज आठवत नाही, पण तिचा चेहरा आठवतो. त्यानंतर मी ही शस्त्रक्रिया करणं सोडलं आणि रुग्ण मोठ्या केंद्रात पाठवायला लागले.

तुम्हाला घाबरवायला हे लिहीत नाही. प्रश्न कुठे विचारायचा ते दिसावं म्हणून लिहिते आहे. चिऱ्याची लांबी ऑपरेशनच्या दिवशी ठरते. माणूस वाचतो की नाही, हे मात्र पुष्कळदा पाचव्या ते बाराव्या दिवसांत ठरतं, रात्री दोन वाजता, वॉर्डात कोण जागं आहे यावर. अमेरिकेत २००२ साली वयस्क रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया वर्षाला एखादीही धड होत नव्हती, तिथे शंभरात सोळा रुग्ण दगावत होते. जिथे वर्षाला सोळाहून जास्त होत होत्या, तिथे चार. एवढा फरक दुर्बिणीने किंवा रोबोटने पडल्याचं कोणीही दाखवलेलं नाही.

मग दुर्बिणीचं काय? तिच्यावर माझा राग नाही, उलट तिने केलेलं भलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. चाचण्या काय सांगतात ते सरळ मांडते. कोइंबतूरला डॉ. पलानिवेलू यांच्या चमूने ६४ रुग्णांमध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. २०१७ साली निष्कर्ष आले, ते असे: दुर्बिणीचे निम्मे रुग्ण ७ दिवसांत घरी, चिऱ्याचे निम्मे १३ दिवसांत. तुमच्या सर्जनचं ‘आठ दिवसांत घरी’ हवेतलं नाही, हे यावरून कळेल. पण दोनच वर्षांनी नेदरलँड्समधल्या तशाच चाचणीचे निष्कर्ष आले आणि ती अर्ध्यावर थांबवावी लागली होती. ९० दिवसांत गुंतागुंतीमुळे दगावलेले रुग्ण दुर्बिणीच्या गटात ५० पैकी ५ होते, उघड्या गटात ४९ पैकी १. आकडे लहान असल्याने त्यातून पक्कं अनुमान निघत नाही, तरी देखरेख करणाऱ्यांना पुढे जाणं सुरक्षित वाटलं नाही. मग २०२१ मध्ये चीनमधल्या १४ रुग्णालयांची ६५६ रुग्णांची चाचणी आली. तिथे मृत्यूंत फरक नव्हता, आणि मुक्कामातला फरकही एका दिवसाचा, १५ विरुद्ध १६. त्या चाचणीतल्या प्रत्येक सर्जनने दुर्बिणीतून शंभराहून जास्त व्हिपल आधीच केलेली होती.

या तिन्ही चाचण्या शेजारी ठेवल्या की मला एवढंच दिसतं: शंभर शस्त्रक्रिया केलेल्या हातांत दुर्बीण सुरक्षित आहे, शिकणाऱ्या हातांत ती धोक्याची ठरू शकते. निष्णात हातांत तिचे फायदे खरे आहेत. रक्त कमी जातं, जखम चिघळणं कमी, दुखणं कमी, पुढे चिऱ्याच्या जागी हर्निया होण्याची भीती कमी. ऑपरेशनला वेळ मात्र जास्त लागतो. रोबोट हा वेगळा उपचार नाही, रुग्णाला कोणी झोपेत यंत्राच्या हवाली करत नाही. शेजारच्या आसनावर बसून सर्जनच ती हत्यारं चालवतो. मनगटासारखी वळणारी हत्यारं असल्याने बारीक टाके सोपे होतात, हे खरं. पण चालवणारा नवखा असेल तर यंत्राची किंमत त्याचा अनुभव भरून काढत नाही.

इथे इतर वाचकांसाठी थोडं थांबते. वरचं सगळं स्वादुपिंडाच्या डोक्याविषयी आहे. गाठ शेपटीच्या बाजूला, म्हणजे डावीकडे प्लीहेजवळ असेल, तर माझा सल्ला बराच वेगळा असेल. तिथे तीन नाजूक जोड करावे लागत नाहीत, शेपटी कापून टोक बंद करायचं असतं. नेदरलँड्समधल्याच दुसऱ्या एका चाचणीत अशा १०८ रुग्णांपैकी दुर्बिणीचे ४ दिवसांत हिंडते-फिरते झाले, चिऱ्याचे ६ दिवसांत. पुढे २०२३ मध्ये फक्त कर्करोगाच्या २५८ रुग्णांवरची आंतरराष्ट्रीय चाचणी आली. दुर्बिणीने गाठ अपुरी निघते ही भीती तिने दूर केली. म्हणून शेपटीची गाठ असेल आणि सर्जनला सराव असेल, तर मी आधी दुर्बिणीचाच विचार करा म्हणेन. या शस्त्रक्रियेत पुष्कळदा प्लीहाही काढावी लागते. तसं ठरलं असेल तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस या जंतूंविरुद्धच्या लसी किमान दोन आठवडे आधी घ्या. घाईत हे विसरलं जातं.

आता काकांच्या हवेविषयी. काका खोटं बोलत नाहीत, त्यांनी तसं पाहिलेलं असणार. पूर्वी चांगले स्कॅन नव्हते. पोट उघडल्यावरच कळायचं की रोग सगळीकडे पसरला आहे, मग तसंच शिवून टाकायचे, आणि माणूस दोन महिन्यांत जायचा. घरच्यांनी त्याचा अर्थ लावला की हवा लागली. खरं तर रोग आधीच पसरलेला असायचा. काकांना आणखी एक सांगा: दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट फुगवायला आत कार्बन डायऑक्साइड वायू भरतातच. वायूने कर्करोग पसरत असता तर ती पद्धत कधीच बंद पडली असती. उलट मुंबईच्या सर्जनना एक विचारून पाहा. पुष्कळ सर्जन पोट उघडण्याआधी एका छोट्या छिद्रातून दुर्बीण घालून आत नजर टाकतात. स्कॅनमध्ये न दिसणारे बारीक ठिपके पोटाच्या अस्तरावर किंवा यकृतावर दिसले, तर मोठा चिरा घेतच नाहीत. काकांची भीती अशी खऱ्या उपयोगाला येते.

दोन्ही सर्जनांकडे पुन्हा जा. भावाला सोबत घ्या आणि वहीत लिहून न्या. गेल्या वर्षभरात या रुग्णालयात किती व्हिपल झाली? त्यांतली किती तुम्ही स्वतः, ज्या पद्धतीने सुचवता आहात त्याच पद्धतीने केलीत? किती जणांचा जोड गळला, किती दगावले? रात्री रक्तस्राव झाला तर तारेने वाहिनी बंद करणारे डॉक्टर याच इमारतीत आहेत की बाहेरून बोलवावे लागतात? रक्तपेढी कुठे? दुर्बिणीने सुरू करून अडचण आली तर पोट उघडायचं कधी ठरवता? या शेवटच्या प्रश्नावर ‘तशी वेळच येत नाही’ असं उत्तर आलं, तर मी त्या सर्जनकडे माझं माणूस सोपवणार नाही. वेळेवर पोट उघडणं ही हार नसते, ती शहाण्या सर्जनची खूण असते. आणि ‘तुमचे वडील असते तर काय केलं असतं?’ हे विचारू नका. त्या प्रश्नाला डॉक्टर तुम्हाला धीर वाटेल असंच काहीतरी सांगतो. आकडे विचारल्याचा चांगल्या सर्जनना राग येत नाही. माझ्या अनुभवात ज्यांच्याकडे आकडे असतात, ते समोरच्याची वही बंद करायला लावत नाहीत.

पत्रात एक शब्द कुठेच नव्हता: केमोथेरपी. हा आजार कर्करोगच निघाला तर शस्त्रक्रिया म्हणजे अर्धा उपचार. २०१८ साली फ्रान्स आणि कॅनडातल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. शस्त्रक्रियेनंतर तब्येत चांगली असलेल्या निवडक रुग्णांना सहा महिने नव्या मिश्रणाची केमो दिली, तेव्हा मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण याहून जास्त जगले) ५४ महिन्यांवर गेलं. जुन्या एका औषधाच्या केमोवर ते ३५ महिने होतं. हे आकडे बाबांना जसेच्या तसे लागू होतील असं मी म्हणणार नाही. पण पद्धत कोणती, यापेक्षा बाबा दोन-तीन महिन्यांत केमो घेण्याइतके सावरले का, याचं वजन जास्त आहे. गळती झाली की केमो लांबते. ज्याच्या हातून जोड कमी गळतो तो सर्जन म्हणूनच शोधायचा. शक्यतो केमो देणाऱ्या डॉक्टरांना आत्ताच, शस्त्रक्रियेआधी भेटून ठेवा. काही रुग्णांना केमो आधी देऊन मग शस्त्रक्रिया करणं योग्य ठरतं, तेही त्याच बैठकीत ठरेल.

पैशांचं. भाऊ कर्ज काढायला तयार आहे, त्यात त्याचं प्रेम आहे. त्याला म्हणा, ते कर्ज रोबोटसाठी काढू नकोस. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालय बसतं का, आणि पॅकेजमध्ये काय-काय येतं, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात, हेही तपासा. पैसा लागणार आहे तो सहा महिन्यांच्या केमोला, तुमच्या मुंबईच्या खेपांना, जेवणाबरोबर घ्यायच्या पाचक कॅप्सूलना, कदाचित इन्सुलिनला. तेव्हा हात रिकामा असणं हे कुठल्याही चिऱ्यापेक्षा जास्त दुखेल.

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात अस्वस्थ केलं, ती. बाबांना तुम्ही खडा सांगितला आहे. तुमचा हेतू मला कळतो. आईने तसं ठरवलं असेल आणि तिचं मन तुम्हाला मोडता आलं नसेल. पण तीस-पस्तीस वर्षं एसटी चालवलेला हा माणूस, पन्नास-पन्नास प्रवासी घाटातून सुखरूप नेलेला. आयुष्यभर रस्त्यावरच्या पाट्या वाचत आलेला. मुंबईच्या त्या रुग्णालयाच्या दारावरची पाटी त्यांनी वाचली नसेल, असं तुम्हाला खरंच वाटतं? मला वाटतं त्यांना माहीत आहे. तुम्हाला त्रास नको म्हणून ते खडा-खडा म्हणत आहेत, आणि त्यांना त्रास नको म्हणून तुम्ही.

शिवाय शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाच्या वतीने दुसरं कोणी संमती देऊ शकत नाही, सही त्यांचीच लागेल. खड्याच्या ऑपरेशनला सही करून व्हिपल झालेला माणूस आयसीयूत जागा होतो तेव्हा नाकात नळी, पोटात नळ्या पाहून त्याचा कोणावरच विश्वास राहत नाही. आणि बरं व्हायला त्या दिवसांत तोच विश्वास लागतो. दुसऱ्या दिवशी दुखत असतानाही उठून चालायचं असतं. कशासाठी, हे ज्याला ठाऊक आहे तो चालतो.

एकदम सगळं सांगू नका. संध्याकाळी घरात कमी माणसं असताना शेजारी बसा आणि आधी विचारा, ‘बाबा, तुम्हाला काय वाटतंय, काय झालं असेल?’ ते बोलतील तेवढ्यापुढे एक पाऊल जा. थांबले तर थांबा. गाठ आहे, ती काढता येईल असं दोन डॉक्टर म्हणाले आहेत, दोघांच्या पद्धती वेगळ्या आहेत. इतकं पहिल्या दिवशी पुरे. मग दोन्ही पर्याय त्यांच्यासमोर ठेवा. कदाचित ते म्हणतील, मुंबईला नको, आईची फरपट होईल. कदाचित म्हणतील, चिरा चालेल, माणूस अनुभवी बघा. काहीही म्हणाले तरी ठरवणाऱ्यांत ते असतील, आणि तुम्ही ज्या टोचणीला घाबरता आहात ती तुमच्या एकटीच्या वाट्याला येणार नाही.

माझं मत विचारलंत म्हणून सांगते. तुमच्या पत्रात शहरातल्या रुग्णालयाच्या खाटा, यंत्र, मुक्काम सगळं आहे, पण तिथे वर्षाला किती व्हिपल होतात हे नाही. तो आकडा वर्षाला पाच-सात निघाला तर मी बाबांना मुंबईला नेईन आणि चिरा घेऊ देईन. तो चांगला भरभक्कम निघाला, सर्जनचा दुर्बिणीचा सराव खरा निघाला आणि रात्रीची व्यवस्था तिथे असली, तर घराजवळ, दुर्बिणीतून करून घ्यायला माझी काहीच हरकत नाही. चिऱ्याचं दुखणं पाठीतून दिलेल्या औषधाने बरंच आटोक्यात राहतं. त्या भीतीपोटी निर्णय घेऊ नका.

या सगळ्याला आठ-दहा दिवस घ्या, तेवढ्याने बिघडणार नाही. महिना मात्र काढू नका. सी.टी. चार आठवड्यांहून जुना झाला तर पुन्हा करायला सांगतील, ते बरोबरच आहे. या दिवसांत ताप किंवा थंडी वाजली, कावीळ परत चढली तर स्टेंट तुंबलेला असू शकतो, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. कोणी काविळीचं झाडपाल्याचं औषध आणून देईल, ते देऊ नका. ही कावीळ नळी दाबल्याची आहे, औषधाने उतरणारी नाही.

बाबांची तंबाखू किंवा बिडी असेल तर आजपासून बंद. रोज दोन वेळा अर्धा-अर्धा तास चालणं, जमेल तसं अंडी, डाळ, दूध घेणं, आणि रक्तातली साखर तपासत राहणं. आणि औषधांच्या दुकानातून तीन रंगीत चेंडूंचं श्वासाचं यंत्र घेऊन या. बहुतेक लोक ते चुकून फुंकतात. फुंकायचं नाही, नळी ओठांत धरून श्वास सावकाश आत ओढायचा आणि चेंडू वर धरून ठेवायचे. तासातासाने दहा वेळा. ऑपरेशन कुठेही, कसंही झालं तरी बाबांना ते लागणार आहेच. आजच सुरू करा.